क्रिएटिन घेताय? मग पाण्याचा हिशोब असा लावा

क्रिएटिनचा, म्हणजे स्नायूंची ताकद वाढवायला घेतात त्या पावडरचा, डबा घेतला की पोरं त्याच्याबरोबर हँडलवाली भलीमोठी बाटलीही घेऊन येतात. कुणीतरी सांगितलेलं असतं, रोज पाच लिटर प्यायला नाहीस तर किडनी गेली म्हणून समज. मी अकोल्यात जिम चालवतो. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिशीला टेकतो, त्यामुळे ‘पाणी प्या रे’ म्हणून दिवसभर ओरडणारा मीच. पण एकट्या क्रिएटिनपायी पाच लिटर? काही गरज नाही.

क्रिएटिन स्नायूत शिरताना सोबत पाणी आत ओढून नेतं. म्हणून सुरुवातीला वजन साधारण १ ते २ किलो वाढतं. ती चरबी नव्हे, बहुतेक पाणीच. आता हे १-२ लिटर सात दिवसांवर वाटा. रोजचे १५० ते ३०० मिली झाले, म्हणजे एक पेला, फार तर दीड. तेही लोडिंग केलं तर, म्हणजे ५ ते ७ दिवस रोज २० ग्रॅम, चार वेळा विभागून. सरळ ३ ते ५ ग्रॅमने सुरू केलं तर स्नायू भरायला तीन-चार आठवडे लागतात आणि जादा पाणी त्याहून कमी. मी लोडिंग सांगतच नाही. घाई नेमकी कसली आहे?

घ्यायची पद्धत बघा. एक लिटर साध्या पाण्यात क्रिएटिन मोनोहायड्रेट (डब्यात असतं ते नेहमीचं क्रिएटिन) सुमारे १४ ग्रॅमच विरघळतं. म्हणजे ५ ग्रॅमला साडेतीनशे मिली तरी हवं. आपण घेतो दोनशेचा पेला, वर फ्रिजचं गार पाणी, मग तळाशी पांढरी रेती बसते. ती फेकू नका, पैसे आहेत ते. पेल्यात पुन्हा घोटभर पाणी घाला, गोल फिरवा आणि पिऊन टाका, पोटात गेलं की ती लागू पडते. कोमट पाण्यात जास्त विरघळतं. सकाळी बाटलीत कालवून संध्याकाळपर्यंत पीत बसू नका, कारण पाण्यात राहिलं की त्याचं हळूहळू क्रिएटिनिन (स्नायूला उपयोग नसलेला टाकाऊ पदार्थ) होतं, लिंबू पिळलेलं असेल तर आणखी लवकर. आणि एका वेळी १० ग्रॅम कोंबलं की काहींचं पोट सुटतं, त्याचा दोष पाण्याला देऊ नका.

खरा हिशोब घामाचा. व्यायामाआधी वजन करा, नंतर अंग पुसून, ओले कपडे काढून पुन्हा करा. एक किलो उतरलं म्हणजे एक लिटर गेलं. पुढच्या दोन-चार तासांत त्याच्या दीडपट, थोडं थोडं करून प्या, आणि सोबत जेवण किंवा मीठ घातलेलं ताक. नुसतं पाणी ढोसलं तर ते लघवीवाटे निघून जातं.

परवा एकजण अभिमानाने म्हणाला, “सर, दोन तासांत चार लिटर संपवलं!” मी म्हटलं, “आणि डोकं कसं आहे?” जड होतं. किडनी तासाला लिटरभराच्या आसपासच पाणी बाहेर टाकू शकते. त्याहून भराभर प्यायलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. मग मळमळ, डोकेदुखी, पुढे गोंधळल्यासारखं होतं, आणि हे जिवावर बेतू शकतं.

लघवीचा रंग फिकट पिवळा असला की पाणी बरोबर चाललंय. पाण्यासारखी पारदर्शक करायचा हट्ट नको. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेत असाल तर रंग भडक पिवळा येणारच, तेवढ्यावरून घाबरू नका.

क्रिएटिनमुळे पाणी कमी पडून गोळे येतात, असंही ऐकवतात. खेळाडूंवरच्या अभ्यासांत तसं काही आढळलेलं नाही. १९९७ मध्ये अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर वजन उतरवताना गेले, तेव्हा संशयाची सुई क्रिएटिनकडे वळली होती. नंतर कारण पुढे आलं ते वेगळंच: पाणी तोडून, घाम आतच कोंडणारे सूट घालून, गरम जागेत केलेली कसरत. आपल्याकडच्या मॅटवरच्या पोरांनी यातलं एवढंच घ्यावं की कुस्तीआधी वजन करतात त्याच्या तोंडावर क्रिएटिन सुरू करू नये, नाहीतर ते किलो-दोन किलो नेमके नडतील.

रोजे चालू असले की आमच्याकडची पोरं इफ्तारनंतर जेवणाबरोबर घेतात आणि उरलेलं पाणी सहरीपर्यंत वाटून पितात. त्यात क्रिएटिन बंद करण्यासारखं काही नाही. एकादशीवाल्यांनाही तेच.

किडनीचा आजार असेल, एकच किडनी असेल, किंवा डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर वरचं काहीही तुमच्यासाठी नाही. आधी त्यांना विचारा. घाम गाळून कोरडं पडलेल्या अंगावर पेनकिलर घ्यायची सवय असेल तर तीही सोडा, किडनीला ती क्रिएटिनपेक्षा जास्त महागात पडते. रक्ततपासणीआधी डॉक्टरांना सांगा की मी क्रिएटिन घेतो. किडनी कशी चाललीय ते रिपोर्टमधल्या क्रिएटिनिनवरून बघतात, आणि क्रिएटिनने ते थोडं वर दिसू शकतं. शंका वाटलीच तर ते सिस्टॅटिन सी ही किडनीची दुसरी रक्ततपासणी करायला सांगतात, त्यावर या पावडरचा परिणाम होत नाही.