वाइनचं साल ओळखताना या चुका टाळा

२६ नोव्हेंबर २०२३ ला नाशिक जिल्ह्यात गारा पडल्या आणि रात्रीच पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, यंदाची वाइन गेली ना?" टीव्हीवर त्याने निफाडकडच्या बागा पाहिल्या होत्या. काळजी खरी होती, पण त्या छोट्याशा प्रश्नातले तिन्ही शब्द चुकले होते: यंदाची, वाइन आणि गेली. आमच्याकडे बाग बघायला येणारे पाहुणेही हेच तीन शब्द चुकतात, आणि बागायतदारही थोड्याफार फरकाने तिथेच फसतात.

"यंदाची"

नाशिकला द्राक्षाची फळछाटणी, म्हणजे गोडी छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. बाटलीवर साल छापतात ते तोडणीचं. म्हणजे नोव्हेंबर २०२३ च्या गारांचा परिणाम शोधायचा तर २०२४ ची बाटली बघायची. २०२३ ची वाइन तर तोवर टाकीत किंवा बाटलीत जाऊन बसलेली होती. फ्रान्समधल्या २०२४ च्या द्राक्षांची तोडणी बहुतेक ठिकाणी सप्टेंबराच्या आसपास, तेव्हा आकडा एकच असला तरी आपली वाइन सहा-आठ महिन्यांनी मोठी. पांढऱ्या वाइनमध्ये हा फरक जिभेला कळतो.

"वाइन"

बातमीत दिसतात त्या बहुतेक खायच्या द्राक्षांच्या बागा. तिथे मण्यावर एक डाग पडला तरी माल निर्यातीतून बाद होतो. डिसेंबरात निफाडचा पारा दहा अंशांखाली उतरला की ते शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ड्रिप सोडतात, कारण थंडीने मण्यांची फुगवण थांबते. वाइनच्या द्राक्षाला फुगवणीचं कौतुक नाही. शिराज किंवा कॅबर्ने सोव्हिन्यॉं या लाल वाइनच्या जातींचा मणी लहान राहिला तर रसाच्या मानाने मण्याची साल जास्त येते, आणि लाल वाइनचा रंग आणि बराचसा तुरटपणा त्या सालीतूनच येतो. शिवाय थंड रात्रींत आंबटपणा टिकतो. तेव्हा शेजारचा बागायतदार कपाळाला हात लावून बसला असेल त्याच आठवड्यात आपलं साल सुधारत असू शकतं. (हे त्याला बांधावर सांगायला मात्र जाऊ नये.)

"गेली"

गार शेजारच्या बागांवर सारखीच पडली तरी प्रत्येक बाग त्या दिवशी वेगळ्या वयाची असते. सप्टेंबराच्या सुरुवातीला छाटलेल्या बागेत नोव्हेंबरअखेर हिरवे, कडक मणी असतात. मार बसलेले बरेच मणी सुकून पडतात, उरलेला घड सावरतो. ऑक्टोबराच्या मध्यावर छाटलेली बाग मात्र फुलोऱ्यात असते, तिथे नुसत्या पावसानेही फुलं गळतात आणि डावणी (बुरशीचा रोग) घडात शिरते. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळाच्या पावसाने हेच केलं. २०१९ ला पाऊस ऑक्टोबरभर हलला नाही, तेव्हा लवकर छाटलेलेच सापडले. म्हणून कुणी "अमुक साल वाईट" म्हणालं की मी आधी छाटणीची तारीख विचारतो. बागायतदाराने यातून उचलायचं ते एवढंच की सगळी बाग एकाच आठवड्यात छाटू नका. प्लॉट पाडून दहा-बारा दिवसांच्या अंतराने छाटा. मजुरांची ओढाताण होते, पण सगळी अंडी एका पाटीत राहत नाहीत.

दोष मे महिन्याचा, शिव्या ऑक्टोबराला

ही चूक जुन्या-जाणत्यांकडूनही होते. गोडी छाटणीनंतर घड कमी निघाले, काही घडांची बाळी (घडाऐवजी नुसता तणावा) झाली, की ऑक्टोबरातल्या ढगांना दोष दिला जातो. पण तो घड काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, तयार होतो एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (नवी काडी वाढवण्यासाठीची ही छाटणी), साधारण चाळिसाव्या ते सत्तराव्या दिवसांत. त्या काळात काडीवर ऊन पडायला हवं. मेअखेरीस वळवाचे ढग दाटून राहिले, किंवा आपणच फेलफुटी (नको असलेल्या फुटी) न काढता जंगल वाढू दिलं, तर डोळा सावलीत राहतो आणि घडाऐवजी बाळीचा रस्ता धरतो. पुढे घड थोडे आणि पाला फार अशी बाग होते. सावलीतले घड मागेपुढे पिकतात, आणि एकाच क्रेटमध्ये गोड मण्यांबरोबर हिरवट चवीचे मणीही जातात. वाइनमध्ये ती हिरवट चव आली की लोक म्हणतात, साल कच्चं होतं.

ढग आपल्या हातात नाहीत, पण फुटींची विरळणी वेळेवर करणं, त्या दिवसांत पाणी आणि नत्र आवरतं घेणं आणि गोडी छाटणीआधी काडी तपासून घेणं हातात आहे. सूक्ष्मदर्शकाखाली डोळा चिरून कितव्या डोळ्यात घड आहे ते दिसतं, मग कात्री कुठे लावायची ते ठरवा. दरवर्षीच्या सवयीने छाटू नका.

गरम साल म्हणजे चांगलं साल?

हा नियम थंड मुलखातला. बोर्दो किंवा बर्गंडीत पूर्वापार भीती असायची ती द्राक्ष न पिकण्याची, त्यामुळे ऊन भरपूर पडलं की साल गाजायचं. त्यालाही मर्यादा आहे. २००३ च्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्समध्ये कित्येक ठिकाणी ऑगस्टातच तोडणी झाली आणि बऱ्याच वाइन आंबटपणात उण्या पडल्या. आपल्याकडे उन्हाचा तुटवडा कधीच नव्हता. इथे मोजायच्या त्या थंड रात्री. जानेवारी-फेब्रुवारीत रात्री किती उतरल्या आणि फेब्रुवारीत ऊन किती लवकर तापलं, या दोन गोष्टींवरून मी सालाचा अंदाज बांधतो. उन्हाने मण्यातलं आंबटपणा देणारं मॅलिक आम्ल जळतं, आणि रात्रही उबदार असली तर ते जळणं रात्रीही थांबत नाही.

नुसत्या ब्रिक्सवर थांबणं

इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय. फेब्रुवारीअखेर, शिराजचा प्लॉट, रेफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, साडेबावीस. मला चोवीस हवे होते, म्हणून आठ दिवस थांबलो. ऊन तापलेलं होतं. आठ दिवसांनी साडेचोवीस दिसले आणि मी खूश. मग क्रेट काट्यावर चढले तर माल अंदाजापेक्षा बराच कमी, आणि रसाचा पीएच ३.९ (पीएच जितका जास्त तितका आंबटपणा कमी). साखर वाढली नव्हती, मण्यातलं पाणी उडालं होतं. शिराज उशिरा सुकण्यासाठी बदनाम आहे हे मला माहीत होतं, तरीही.

तेव्हापासून ब्रिक्सबरोबर शंभर मण्यांचं वजन घेतो, दर दोन-तीन दिवसांनी, त्याच ओळींतून. ब्रिक्स चढतोय आणि वजन उतरतंय, तर द्राक्ष पिकत नाहीये, सुकतंय. तोडा. बी चावून बघा, तपकिरी आणि कुरकुरीत हवी. पीएचकडे डोळेझाक करू नका. वायनरीत टार्टारिक आम्ल घालून तो खाली आणता येतो, पण पीएच ३.५ ऐवजी ३.८ असला तर वाइन खराब होऊ नये म्हणून असतो तो मोकळा सल्फर डायऑक्साइड तेवढ्याच संरक्षणासाठी दुप्पट लागतो. तोडणी पहाटे, डोक्याला बॅटरी बांधून. दुपारी बारा वाजता तोडलेलं सोव्हिन्यॉं ब्लां, म्हणजे पांढऱ्या वाइनचं द्राक्ष, क्रेटमध्ये हाताला गरम लागतं, आणि त्याचा वास वायनरीच्या फाटकापर्यंतही टिकत नाही.

पाऊस तोडणीच्या तोंडावर आला तर

पहिली चूक घाबरून त्याच दिवशी तोडण्याची. मणी तडकले नसतील तर ब्रिक्स उतरलेला असतो, तीन-चार दिवस वारा-ऊन लागलं की परत चढतो. तडकले असतील, कूज दिसत असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नका, आणि कुजका घड बागेतच टाका. दुसरी चूक भुरी या बुरशीच्या रोगाच्या धास्तीने शेवटच्या आठवड्यांत गंधक मारण्याची. मण्यावर राहिलेलं गंधक आंबवण्यात यीस्टच्या हाती लागतं आणि टाकीतून कुजक्या अंड्याचा वास येतो. मग हवामानाचा काही संबंध नसताना तेही साल बदनाम.

भाच्याला हे सगळं सांगून झालं होतं. मागच्या मेमध्ये त्याचा परत फोन, "मामा, चोवीसची पांढरी वाइन मिळाली, चेनिन ब्लां. ठेवून दिलीय, जुनी होऊ दे." कुठे ठेवलीस? "किचनच्या माळ्यावर." म्हटलं, आधी खाली उतरव, फ्रीजमध्ये ठेव आणि या रविवारी मी येतोय.