नऊवारी नेसलेली बाई कशी काढावी (आणि काष्टा कुठे फसतो)

दिवाळी अंक असो, मुलांचं पुस्तक असो की लग्नपत्रिका, मराठी चित्रकाराला कधी ना कधी नऊवारी काढावी लागतेच. मग तो मोबाईलवर दोन फोटो शोधतो, सहावारी साडीचा घेर काढतो, मधोमध एक रेघ मारतो आणि त्याला काष्टा म्हणतो. मीही वर्षभर हेच करत होतो. शेवटी मामीने एक चित्र हातात घेतलं, शेतात वाकलेल्या बाईकडे बघितलं आणि म्हणाली, "ही उभी राहिली ना, की लुगडं सुटणार बघ हिचं."

माणसाचं शरीर काढता येतं हे गृहीत धरतो. ते येत नसेल तर आधी तिकडे वळा, कारण नऊवारीत परकर नसतो. सहावारीत परकराच्या शंकूखाली पाय झाकून नेता येतात, इथे मांडी, गुडघा, पोटरी सगळं कापडातून बोलतं.

पहिलं काम संदर्भ गोळा करण्याचं. म. वि. धुरंधर (जन्म 1867, कोल्हापूर) यांची मुंबईच्या लोकजीवनावरची पोस्टकार्डं आणि स्केचेस बघा. रोज लुगडं नेसणाऱ्या बायकांमध्ये वावरलेल्या माणसाची रेषा आहे ती. घरातले जुने फोटो बघा. एका गोष्टीपासून मात्र लांब राहा, ती म्हणजे शिवलेली नऊवारी. गणपतीत, ढोलपथकात, लग्नात हल्ली तीच दिसते. घालायला सोयीची आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तिच्या निऱ्या शिवून बसवलेल्या असतात. बाई चालली, बसली, वाकली तरी त्या तशाच राहतात. तिच्यावरून काढलेलं चित्र पायजम्याला काठ लावल्यासारखं दिसतं.

आता काष्टा. इथे घाई करू नका.

मी शेवटी स्वतः नेसलो. हाफ पँटवर, दार लावून, मामीच्या हाताखाली. लाज वाटली तरी चालेल, पण एकदा नेसा किंवा कुणाला नेसताना नीट बघा. नऊ वार म्हणजे 27 फूट, सव्वाआठ मीटर कापड. एक टोक कमरेभोवती घेऊन पुढे घट्ट गाठ मारायची. सगळा भार या गाठीवर. दुसऱ्या बाजूचं कापड अंगाभोवती घेऊन पदर खांद्यावर. मध्ये जे ढीगभर कापड उरतं त्याच्या पुढे निऱ्या करून खोचायच्या. मग त्या निऱ्यांचा खालचा मधला भाग उचलून पायांमधून मागे न्यायचा, काठाच्या चुण्या करायच्या आणि पाठीमागे कमरेत खोचायच्या. हे शेवटचं खोचणं म्हणजे काष्टा.

चित्रकाराने यातून काय घ्यायचं? पहिली गोष्ट: खालचा काठ गोल नसतो. सहावारीत घोट्यापाशी एक लंबवर्तुळ काढलं की भागतं. नऊवारीत प्रत्येक पायाला वेगळा काठ असतो. तो पुढून घोट्याजवळ सुरू होतो, पोटरीला बाहेरून वळसा घालतो आणि मागच्या बाजूने तिरका वर चढत काष्ट्यात जातो. पाठमोरी बाई काढताना हे दोन काठ छपराच्या दोन उतारांसारखे वर येऊन कमरेशी मिळतात. पोटऱ्यांचा थोडा भाग मागून उघडा दिसतो. माझ्या त्या फसलेल्या चित्रात मागेसुद्धा घोट्यापर्यंत सरळ काठ होता. म्हणजे काष्टा वर खोचलेला, पण कापड खालीच! मामीला ते एका नजरेत दिसलं.

दुसरी गोष्ट ताणाची. चुण्या कुठेही पडत नाहीत, त्या खोचलेल्या जागेतून निघतात. मागच्या काष्ट्यातून एक ओढ पायांमधून पुढे येते, पुढच्या निऱ्यांतून दुसरी खाली जाते. बाईने पाऊल पुढे टाकलं की त्या मांडीवर कापड ताणून बसतं. तिथे एकही चुणी काढू नका, मोह झाला तरी. चुण्या गुडघ्याच्या मागे गोळा होतात आणि मांडीच्या आतल्या बाजूला पंख्यासारख्या उघडतात. ती उकिडवी बसली की सगळा ताण जातो आणि निऱ्या दोन गुडघ्यांमध्ये सैल पडतात. वाकून भाताची लावणी करणाऱ्या बाईत उलट, काष्ट्याची ओढ सगळ्यात जास्त. पाठीमागचा काठ तारेसारखा सरळ काढा.

तिसरी गोष्ट: धोतर काढू नका. काष्टा धोतरातही असतो आणि लुगड्यातही, म्हणून फसायला होतं. लुगड्यात कापड कितीतरी जास्त, त्यामुळे कमरेला आणि कुल्ल्यांवर जाडी येते. बारीक कंबर आणि खाली चापून बसलेली सुरवार असं काही निघालं तर खोडा.

सरावासाठी एक युक्ती. चित्रकारांची एक फूट उंचीची लाकडी बाहुली घ्या. तिला साधारण 1.6 मीटर लांब आणि 23 सेंटिमीटर रुंद मलमलची पट्टी नेसवा. कापड किंचित ओलं करा, नाहीतर लहान मापात ते पुठ्ठ्यासारखं उभं राहतं. बाहुलीला चालवा, बसवा, वाकवा, आणि प्रत्येक वेळी फक्त काठाची रेघ काढा. बाकी काहीही नाही. वीस-पंचवीस काठ काढून झाले की हात आपोआप शहाणा होतो.

पुढचं सोपं आहे. पदर कुठे खोचलाय ते ठरवा: काम करणारी बाई तो कमरेला खोचते, समारंभातली मोकळा सोडते. कोळणीचं लुगडं गुडघ्यापर्यंत चापून, शेतात राबणारीचंही वर घेतलेलं, तर घरंदाज ब्राह्मणी नेसण घोट्यापर्यंत. कथेत बाई कोण आहे ते आधी विचारा, मग उंची ठरवा.

कापडाचा पोत मात्र गृहीत धरू नका. इरकल सुती अंगाची, अंगाला धरून राहते. तिच्या लाल-पांढऱ्या पदराचे उभे धागे वेगळे असतात, ते कोंडीने, म्हणजे फासात फास अडकवून, अंगाच्या धाग्यांना जोडलेले असतात. जोडाची ती रेघ दाखवली की जाणकार खूश होतात. पैठणी रेशमी, पदर जरीने जड. तो वाऱ्यावर ओढणीसारखा उडवू नका, खाली ओढला जाऊ द्या. हाताने विणलेल्या पैठणीचा पदर उलटला तरी मोर आणि वेल सुलट बाजूसारखेच दिसतात, म्हणून दुमडलेल्या पदराच्या मागे कोरा रंग भरून मोकळे होऊ नका. आणि मोर मोजून काढत बसू नका. चुणीत शिरणारा मोर अर्धाच दिसतो, तो अर्धाच काढा. सपाट नक्षी कॉम्प्युटरवर चिकटवली की सगळी साडी भिंतीवरच्या कागदासारखी होते.

शेवटी, चूक शोधायला आपण कॅनव्हास आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटवून बघतो तेव्हा तो परत सुलट करायला विसरू नका. आरशासमोरच्या सेल्फीवरून काढलं असेल तर आणखी जपा. मी एकदा अख्खं मुखपृष्ठ उलटं पाठवलं होतं. नथ उजव्या नाकपुडीत गेली होती आणि ते आधी छापखान्यातल्या मुलाच्या लक्षात आलं.