अल्टरनेटर बदलण्याआधी मल्टिमीटर लावा
डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला की गॅरेजवाला पटकन म्हणतो, "अल्टरनेटर गेला, नवीन टाकू." थांबा. अल्टरनेटर म्हणजे इंजिन चालू असताना वीज बनवून बॅटरी चार्ज करणारा भाग. आधी मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) बॅटरीला लावायला सांगा. गाडी बंद असताना साधारण 12.6 व्होल्ट आणि चालू असताना 13.8 ते 14.5 दिसले, तर चार्जिंग बहुधा ठीक आहे. मग बॅटरी, सैल टर्मिनल किंवा अर्थिंग बघा. आकडा वाढतच नसेल तर आधी बेल्ट तपासा, तो घसरत असला तरी हेच होतं.

खरोखर अल्टरनेटरच असेल, तरी अख्खा बदलायची गरज क्वचितच. बहुतेक वेळा कार्बन ब्रश झिजलेले असतात, नाहीतर रेग्युलेटर, डायोड प्लेट किंवा बेअरिंग गेलेलं असतं. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन हे सुटे भाग बदलून देतो. ब्रशचं काम काही शे रुपयांत होतं, नव्या अल्टरनेटरला मात्र हजारो मोजावे लागतात. वाइंडिंग (आतल्या तांब्याच्या तारांची गुंडाळी) जळलं असेल तर हिशेब बदलतो, तेव्हा रिकंडिशन्ड (दुरुस्त करून विकलेला जुना) आणि नवीन, दोन्हींचे भाव वॉरंटीसकट विचारा.

मारुतीच्या स्मार्ट हायब्रिड गाड्यांत अल्टरनेटरच्या जागी आयएसजी (इंटिग्रेटेड स्टार्टर जनरेटर, म्हणजे इंजिन सुरू करणारा आणि वीजही बनवणारा एकच भाग) असतो. तो कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे उघडू नका. आणि हो, जुना अल्टरनेटर परत मागा, त्यातल्या तांब्यालाही भाव असतो.