कोकणातल्या घराचं काम काढायचंय? मग आधी हे ठरवा

गणपतीला गावी जमलं की बोलणं सुरू होतं, ओटीला टाइल्स घालूया, वर पीओपी करूया, पुढे पत्र्याची शेड काढूया, आणि पैसे मग त्यातच जातात. पुढच्या पावसात माजघरात पातेलं ठेवायचं ते ठेवावंच लागतं. माझं स्पष्ट मत आहे, कोकणात जे काम घरात शिरणारं पाणी, वारा आणि वाळवी अडवतं ते आधी करायचं, दिसण्याची कामं नंतर.

सुरुवात भर पावसातच करा. मोबाईल घेऊन घरभर फिरा, गळतं कुठे, भिंतीला ओल खालून चढतेय की वरून उतरतेय, पावसाची झड कुठल्या बाजूने जास्त लागते (बहुतेक घरांना पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून), सगळ्याचे फोटो काढा आणि गळती दिसेल तिथे वाशावर खडूने खूण करा. मे महिन्यात तेच घर कोरडं ठणठणीत दिसतं, मग गवंड्याला काय दाखवणार?

दुसरं म्हणजे कागद. आपल्याकडे बरीच घरं सामाईक असतात, ग्रामपंचायतीच्या असेसमेंट उताऱ्यावर (घरपट्टीच्या नोंदीवर) काका-आत्यांची नावं असतात, तेव्हा मोठं काम काढायच्या आधी सगळ्यांशी बोला आणि संमती लेखी घ्या, नाहीतर अर्ध्यावर काम थांबतं आणि नाती बिघडतात ती वेगळीच. घर समुद्राजवळ असेल तर सीआरझेडचं (किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या नियमांचं) पण बघावं लागतं, भरती रेषेपासून साधारण 500 मीटरपर्यंतचा पट्टा त्यात येऊ शकतो, म्हणून वाढीव बांधकाम करायचं असेल तर परवानगीची चौकशी जांभ्याचे चिरे आणायच्या आधी करा.

आता कामांचा क्रम. पहिलं छप्पर, यात कंजूषी नको. नळे (कौलं) काढून परत नीट बसवायला, म्हणजे परतायला, काढले की वासे आणि रिपा उघड्या पडतात, तेव्हा प्रत्येक वाशाला, खास करून भिंतीत बसलेल्या टोकाला, स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा, आत सहज गेला तर तो वाळवीने नाहीतर कुजून पोकळ झालाय, बदलाच. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागलं आणि दापोली-मंडणगडपर्यंत कितीतरी घरांची छपरं गेली, कारण वारा कडेखालून शिरतो आणि छप्पर वर उचलतो. म्हणून कडेच्या आणि कोन्याच्या ओळीतली कौलं तारेने बांधून घ्या, पत्रा असेल तर कडेला हूक कमी अंतरावर मारायला सांगा. समुद्राजवळ साधं लोखंड खाऱ्या हवेने लवकर गंजतं, तिथे स्क्रू-बोल्ट चांगल्या स्टेनलेस स्टीलचेच वापरा.

छपरानंतर पागोळीचं पाणी. ते जोत्यालगत पडत राहिलं की चिरा पाणी पितो आणि ओल वर चढते, मग वरून कितीही भारी रंग मारा, पोपडे सुटणारच. पन्हळ लावा आणि घराभोवतीच्या जमिनीला बाहेरच्या बाजूला उतार द्या, याला खर्च कमी आणि फायदा खूप. तेच पाणी टाकीत नाहीतर विहिरीत पण सोडता येतं, हिशोब सोपा आहे, 1 चौरस मीटरवर 1 मिलीमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर, म्हणजे 50 चौरस मीटर छपरावर 3000 मिलीमीटर पडला तर दीड लाख लिटर, त्यातलं थोडं वाया गेलं तरी एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या वाडीला याची किंमत विचारा.

मग वायरिंग. ओल्या भिंतीतली जुनी वायर धोक्याचीच, अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच) बसवा. सोलर लावायचं असेल तर पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, पण छप्पर मजबूत झाल्यावरच, आणि घर वर्षातले दहा महिने बंद असेल तर आधी न्हाणीघर नीट करा, म्हाताऱ्या माणसांना न घसरणारी लादी आणि धरायला दांडा जास्त उपयोगी.

वेळ मिरगापासून मागे मोजा. एप्रिल-मेमध्ये सगळ्यांनाच नळे परतायचे असतात आणि माणसं आंब्याला गेलेली असतात, म्हणून दिवाळी झाली की सुताराला बोलून ठेवा आणि छप्पर जानेवारी-फेब्रुवारीतच उघडा.

पैशाचं म्हणाल तर अंदाजाच्या वर 15 टक्के बाजूला ठेवा, जुनं छप्पर उघडल्यावर जादा वासे निघतातच. दोन-तीन जणांकडून दर घ्या आणि त्यात मजुरी वेगळी, सामान वेगळं लिहून मागा. पैसे कामाच्या टप्प्याने द्या, आणि छपराचा शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस बघून द्यायचा हे सुरुवातीलाच बोलून, लिहून ठेवा, नंतर सांगितलं तर कोणी ऐकत नाही.