जुना फ्रेंच हॉर्न घेताय? आधी हे बघा

पहिल्यांदा माउथपीस, म्हणजे ओठ लावून फुंकायचा भाग, कारण कमी पैशात सगळ्यात जास्त फरक तिथेच पडतो. कप खोल आणि भोक मोठं असेल तर आवाज गडद, भरलेला येतो पण वरचे सूर धरताना दम जातो, भोक बारीक असेल तर सूर पटकन लागतो पण आवाज जरा चिरका होतो. रिमचा, म्हणजे ओठ टेकतात त्या कडेचा, आतला व्यास साधारण १७ ते १८ मिमी, त्यात अर्धा मिमी इकडेतिकडे झाला तरी ओठांना लगेच कळतं, म्हणून वाजवून बघितल्याशिवाय घेऊच नका.

हॉर्न शक्यतो डबलच घ्या, म्हणजे एकातच दोन सुरांच्या नळ्या. एफची नळी साधारण ३.७ मीटर, बी फ्लॅटची २.७, अंगठ्याने बदलायची, आणि वरचे सूर बी फ्लॅटवर कमी घसरतात. हॉर्नच्या दोन मुख्य घडणी, क्रुस्पे आणि गेयर. क्रुस्पे पद्धतीच्या हॉर्नचा बेलचा (फुललेल्या तोंडाचा) गळा सहसा रुंद, आवाज घुमतो, गेयरचा आवाज जास्त मोकळा आणि स्वच्छ.

आता आपल्या मालवणची खारी हवा. पिवळ्या पितळेतलं जस्त झडतं नि गुलाबी ठिपके उठतात, माझ्या लीडपाइपवर (माउथपीस बसतो त्या पहिल्या नळीवर) तांदळाएवढा एक होता, मी डाग समजून पुसत बसलो आणि नळी आतून कुजत होती! गोल्ड ब्रास या पितळेत तांबं जास्त, त्यामुळे हा त्रास कमी. वाजवून झालं की पाणी काढाच, ओला हॉर्न पेटीत नको.

रोटरची, म्हणजे सूर बदलणाऱ्या फिरत्या झडपेची, दोरी तुटली तर मासेमारीच्या दुकानातली विणलेली बारीक दोरी मस्त चालते, फक्त तंगूस (नायलॉनचा एकसंध दोरा) घेऊ नका, गाठ घसरते.