एपिस्कोपल पॅरिशचा हिशेब आणि कारभार : या चुका टाळा

"बँकेत चौऱ्याऐंशी हजार आहेत, काळजी नको." व्हेस्ट्रीच्या, म्हणजे चर्चच्या कार्यकारी मंडळाच्या, बैठकीत खजिनदाराच्या तोंडून हे वाक्य आलं की समजावं, घोळाला सुरुवात झाली.

अमेरिकेतल्या एपिस्कोपल (म्हणजे तिथल्या अँग्लिकन) पॅरिशचा, स्थानिक मंडळीचा, कारभार रेक्टर म्हणजे मुख्य धर्मगुरू, सभासदांमधले दोन वॉर्डन आणि निवडून आलेली व्हेस्ट्री पाहतात. मुंबई-पुण्याच्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या (सी.एन.आय.) मंडळीत वाढलेल्या माणसाला इथली उपासना फारशी परकी वाटत नाही. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा अँग्लिकन मंडळ्या त्यात सामील झाल्या, त्यामुळे घराणं एकच. मग दोन-तीन वर्षांत कुणीतरी कॉफीचा कप हातात देत म्हणतं, "तुम्ही आकड्यांत हुशार, खजिनदार व्हा ना." नाही म्हणवत नाही. इथपर्यंत ठीक. पुढच्या चुका मात्र दरवर्षी त्याच असतात आणि करणारेही तेच असतात : घाईतले नवे आणि "आमच्याकडे असंच चालतं" म्हणणारे जुने.

बँकेतली शिल्लक म्हणजे पॅरिशचे पैसे नव्हेत

एका मध्यम पॅरिशचा हिशेब पाहा. फेब्रुवारीत बॉयलर बंद पडला. नव्याचा खर्च ३८,००० डॉलर. खात्यात ८४,०००. पाच मिनिटांत ठराव पास, सगळे खूश. त्या ८४,००० मध्ये काय काय होतं, हे कुणी विचारलंच नाही. ऑर्गनच्या दुरुस्तीसाठी आलेले ३१,५००, दिवंगतांच्या स्मरणार्थ दिलेले १२,०००, गरजूंच्या मदतीचे ४,२०० आणि वेदीवरच्या फुलांचे २,३००. म्हणजे बरोबर ५०,००० डॉलर दात्यांनी ठरावीक कामासाठी दिलेले. उरले ३४,०००. त्यातले २२,००० म्हणजे काही सभासदांनी वर्षभराची वर्गणी आगाऊ भरलेली. त्यावर डिसेंबरपर्यंत पगार आणि वीजबिलं भागवायची. खरोखर मोकळे पैसे बारा हजार.

बॉयलर बसवल्यावर शिल्लक ४६,०००. एप्रिलपर्यंत जमाखर्च कसाबसा बरोबरीत चालला, मग मे ते ऑगस्ट महिन्याला साडेचार हजारांची तूट पडली. उन्हाळ्यात लोक गावाला जातात, अर्पण घटतं, हे दरवर्षीचंच. ऑगस्टअखेर खात्यात २८,००० आणि दात्यांच्या अटींचं देणं ५०,०००. दुसऱ्यांचे २२,००० डॉलर नकळत वापरून झाले होते. सप्टेंबरमध्ये ऑर्गनवाल्याने निम्मी रक्कम आगाऊ मागितली, १५,७५०. ती दिली तर उरतात १२,२५०, आणि त्या महिन्याचा खर्च पगार-पेन्शन धरून १४,०००. ऑर्गनसाठी सर्वांत मोठी देणगी ज्या आजींनी नवऱ्याच्या आठवणीसाठी दिली होती, त्या पहिल्या बाकावर बसतात. त्यांना काय सांगणार?

इथे दोन शब्दांत गल्लत होते. दात्याने अट घालून दिलेला निधी वेगळा आणि व्हेस्ट्रीने आपल्या मोकळ्या पैशांतून बाजूला काढून ठेवलेला निधी वेगळा. दुसऱ्याचा ठराव व्हेस्ट्री कधीही फिरवू शकते. पहिल्याला हात लावण्याचा अधिकार तिला नाही, मग ठराव एकमताने होवो की टाळ्यांनी. अट बदलायची तर दात्याची लेखी संमती हवी. दाता हयात नसेल तर वकील गाठावा लागतो, प्रसंगी प्रकरण राज्याच्या ॲटर्नी जनरलपर्यंत किंवा कोर्टात जातं. त्यापेक्षा देणगी घेतानाच म्हणावं, "अमुक काम झाल्यावर काही उरलं तर इमारतीच्या दुरुस्तीला वापरलं तर चालेल ना?" आणि उत्तर लिहून घ्यावं. चार ओळींचं पत्र पुरतं.

उपाय साधा आहे. प्रत्येक निधीसाठी वेगळं बँकखातं उघडत बसू नका. पंधरा खाती म्हणजे पंधरा ठिकाणी ताळा जुळवणं. खातं एक-दोनच असू द्या, पण हिशेबाच्या वहीत किंवा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक निधी आपल्या नावाने उभा करा. व्हेस्ट्रीपुढे ठेवायच्या महिन्याच्या अहवालात पहिल्या पानावर तीनच आकडे असावेत : बँकेतली एकूण रक्कम, त्यातली अटींची रक्कम आणि मोकळी रक्कम. तिसरा आकडा ठळक छापा. चौदा पानांचा अहवाल कुणी वाचत नाही, आणि न वाचलेल्या अहवालावर सह्या भराभर होतात.

अट लिहिलेली असते चेकच्या कोपऱ्यात

वरचा घोळ बहुतेकदा सुरू होतो रविवारी, उपासना संपल्यावर, पैसे मोजण्याच्या टेबलावर. दात्याची इच्छा चेकच्या खालच्या डाव्या ओळीत किंवा पाकिटावर पेन्सिलीने लिहिलेली असते : ऑर्गन, ईस्टर लिली, आईच्या आठवणीसाठी. हल्ली फोनवरून फोटो काढून चेक जमा करायची फॅशन आहे. पुढून एक, मागून एक, झालं, चेक फाडला. पैसे बँकेत पोचतात, अट कचऱ्यात जाते. या शॉर्टकटइतकं नुकसान दुसऱ्या कशाने होत नसेल.

मोजायला दोघं बसावीत, नात्यातली नसलेली. नवरा-बायको म्हणजे या हिशेबात एकच माणूस. खजिनदाराने मोजायला बसू नये. जो मोजतो त्याने वहीत चढवू नये. पाकीट उघडलं की आतली रक्कम आणि पाकिटावर लिहिलेली रक्कम जुळते का पाहा, नसेल तर खरी रक्कम पाकिटावर लिहून दोघांच्या आद्याक्षरी सह्या घ्या. प्रत्येक चेकच्या पाठीवर लगेच 'फक्त जमा करण्यासाठी' हा शिक्का मारा, चेकची छायाप्रत काढा. तबकातली सुटी रोकड वेगळी मोजा. मोजणीच्या कागदावर तीन रकाने हवेत : वर्गणी, सुटं अर्पण, अटीचं दान. दोन सह्या, दोन प्रती. एक पैशांच्या थैलीत, एक खजिनदाराला. थैली त्याच दिवशी बँकेच्या पेटीत टाका. 'उद्या जाता जाता टाकतो' म्हणून गाडीच्या डिकीत ठेवलेली थैली बुधवारपर्यंत तिथेच असते.

रेक्टरचा मदतनिधी म्हणजे रेक्टरचं पाकीट नव्हे

कॅननप्रमाणे, म्हणजे चर्चच्या कायद्याप्रमाणे, महिन्यातल्या एका रविवारचं प्रभुभोजनाच्या वेळचं सुटं अर्पण गरजूंसाठी रेक्टरच्या हाती द्यायचं असतं. हेतू जुना आणि चांगला. कुणाचं भाडं थकलं, कुणाची औषधं अडली, तर चारचौघांत चर्चा न होता मदत पोचावी. पण गुप्तता नावांची असते, हिशेबाची नव्हे. हा निधीही ऑडिटखाली येतो.

खातं पॅरिशच्या नावाने आणि पॅरिशच्या कर-क्रमांकावर उघडा. रेक्टरच्या सोशल सिक्युरिटी क्रमांकावर, म्हणजे त्याच्या वैयक्तिक कर-क्रमांकावर, उघडलेलं खातं ही टाइमबॉम्बसारखी गोष्ट आहे. रेक्टर दुसऱ्या राज्यात गेला की बँक नव्या रेक्टरला दारातही उभं करत नाही, आणि व्याजावरचा कर जुन्याच्या नावाने निघतो. रेक्टर बदलला तरी पैसे पॅरिशमध्येच राहतात. त्यातून फोटोकॉपीचं यंत्र, युवकांचा पिझ्झा, रेक्टरची पुस्तकं असलं काहीही घेऊ नये. स्वतःवर खर्च केलेली रक्कम रेक्टरचं करपात्र उत्पन्न ठरू शकते. लग्नाचं किंवा अंत्यविधीचं मानधन रेक्टरने स्वतः ठेवलं तर तेही उत्पन्नच.

मदत रोख देऊ नका. चेक घरमालकाच्या, वीज कंपनीच्या किंवा औषधाच्या दुकानाच्या नावे फाडा. गरजूंची नावं रेक्टरच्या कुलूपबंद वहीत राहू द्या. चेकबुकावर आणि हिशेबात फक्त क्रमांक आणि कारण. सभासद येऊन म्हणतो, "हे ५०० डॉलर अमुक बाईंच्या भाड्यासाठी, आणि मला पावती द्या." अशा दानाला करसवलत नसते, कारण ते चर्चला दिलेलं दान नसून एका व्यक्तीला दिलेली भेट असते. नम्रपणे सांगा, पावती देऊ नका.

पगार : इथे सॉफ्टवेअरवर विसंबू नका

धर्मगुरू आयकरासाठी नोकरदार असतो आणि सोशल सिक्युरिटीसाठी, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाच्या करासाठी, स्वयंरोजगारी. पगाराचं सॉफ्टवेअर हे जाणत नाही. ते बिनदिक्कत सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याचा कर) कापायला लागतं, आणि जानेवारीत डब्ल्यू-२, म्हणजे वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, चुकीचा निघतो. धर्मगुरूच्या डब्ल्यू-२ वर तिसरी आणि पाचवी चौकट कोरी हवी. तो १५.३ टक्क्यांचा स्वयंरोजगार कर आपला आपण भरतो.

धर्मगुरूच्या घरभत्त्याला आयकरात सवलत मिळते, पण त्याचा ठराव आधी करावा लागतो, मागच्या तारखेने होत नाही. डिसेंबरची बैठक बर्फामुळे रद्द झाली आणि ठराव २० जानेवारीला झाला, तर त्याआधी दिलेल्या पगाराला सवलत नाही. म्हणून ठराव नोव्हेंबरमध्येच उरका आणि त्यात 'पुढील ठराव होईपर्यंत लागू' हे शब्द घाला. नवा रेक्टर वर्षाच्या मध्ये आला तर पहिल्या पगाराआधी ठराव करा. सवलत मिळते ती तीनपैकी सर्वांत लहान रकमेवर : ठरावातला आकडा, प्रत्यक्ष खर्च, घराचं बाजारभावाने भाडं. आणि ती फक्त आयकरापुरती; स्वयंरोजगार कर घरभत्त्यावरही लागतो.

ऑर्गनवादकाला कंत्राटदार दाखवणं ही दुसरी लाडकी पळवाट. दर रविवारी ठरलेल्या वेळी, पॅरिशच्या वाद्यावर, रेक्टरने निवडलेली गीतं वाजवणारा माणूस बहुतेक वेळा नोकरदारच ठरतो. पेन्शनचंही तसंच : धर्मगुरूच्या एकूण मोबदल्यावर १८ टक्के चर्च पेन्शन फंडाला जातात, आणि वर्षाला १,००० तास किंवा जास्त काम असलेल्या इतर कर्मचाऱ्यांसाठीही पेन्शन बंधनकारक आहे. ९९० तासांची नेमणूक करून १,३०० तास राबवून घेणाऱ्यांना काय म्हणावं, ते वाचकाने ठरवावं.

कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला कर मात्र एक दिवसही वापरू नका. तो सरकारचा पैसा आहे. तो भरला नाही तर वसुली पॅरिशवर थांबत नाही. ज्याच्या हातात चेकबुक आहे त्याच्या स्वतःच्या घरावर येते.

तारखा

इथलं आर्थिक वर्ष १ जानेवारीपासून सुरू होतं. एप्रिल-मार्चची सवय विमानतळावरच सोडा. ३१ जानेवारीपर्यंत डब्ल्यू-२ द्यायचे. १ मार्चपर्यंत पॅरोकियल रिपोर्ट, म्हणजे पॅरिशचा वार्षिक अहवाल, बिशपकडे. आणि त्यातली रविवारची सरासरी उपस्थिती फेब्रुवारीत अंदाजपंचे ठोकू नका, दर रविवारी डोकी मोजून त्याच दिवशी उपासनेच्या नोंदवहीत लिहा. गेल्या वर्षाचं ऑडिट १ सप्टेंबरच्या आत. डायोसिस (बिशपच्या हाताखालचा प्रांत) परवानगी देत असेल तर समितीकडून ऑडिट चालतं, पण त्या समितीत खजिनदाराचा मेहुणा नको. २५० डॉलर किंवा त्यावरच्या प्रत्येक दानाला लेखी पोच द्या आणि तीत 'या बदल्यात वस्तू किंवा सेवा दिली नाही' हे वाक्य असू द्या. ते नसेल तर दात्याची सवलत जाते. जेवणाच्या तिकिटाचे ७५ डॉलरांहून जास्त घेत असाल तर त्यात जेवणाची किंमत किती हे दात्याला लिहून सांगावं लागतं.

उपक्रमांतले घोळ, थोडक्यात

पॅरिश हॉल बाहेरच्या गटाला देताना विम्याचं प्रमाणपत्र आधी घ्या, किल्ली नंतर द्या.

मुलांच्या वर्गात कायम दोन प्रौढ, एकमेकांच्या नात्यातले नसलेले, 'सेफ चर्च' हे सुरक्षिततेचं प्रशिक्षण घेतलेले. "आज एकच बाई आल्या" असेल तर वर्ग मोठ्यांच्या वर्गात मिसळा.

१९७९ चं प्रार्थनापुस्तक कुणालाही छापता येतं, त्यावर कॉपीराइट नाही. बऱ्याच गीतांचं तसं नाही. चर्चमध्ये उपासनेत गायला परवानगी लागत नाही, पण कॉपीराइट असलेलं तेच गीत उपासनेच्या पत्रिकेत छापलं किंवा थेट प्रक्षेपणात गेलं की परवाना लागतो.

राखेच्या बुधवारी, म्हणजे उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर लावायच्या जुन्या झावळ्यांच्या राखेत पाणी घालू नका. राख आणि पाणी मिळून तीव्र क्षार तयार होतो, कपाळ भाजतं. कोरडीच लावा, फार तर तेलाचा थेंब.

'मी मीटिंगमध्ये आहे, जरा गिफ्ट कार्डं घेऊन ये आणि नंबर पाठव' असा रेक्टरच्या नावाने आलेला ईमेल रेक्टरचा नसतो. कधीच नाही. हे पत्रिकेत दर तीन महिन्यांनी छापा.

खजिनदार बदलला की बँकेतली जुनी सही, सॉफ्टवेअरचा पासवर्ड आणि कर भरण्याच्या संकेतस्थळाचं लॉगिन त्याच आठवड्यात बदला. निरोपाचा केक नंतर कापा.