व्हॅनचा खडखडाट आणि टपाची धग कशी कमी करावी

मिरजेहून पंढरपूरला निघालो की शिरढोण मागे पडेपर्यंत आईचे मागच्या सीटवरून तीन प्रश्न विचारून झालेले असायचे आणि माझं तीनदा "काय?" म्हणून ओरडून. मग ती म्हणायची, "राहू दे, उतरल्यावर सांगते." गाडी मारुतीची इको व्हॅन. इंजिन पुढच्या सीटांखाली, मागे उघडा पत्रा, आणि एप्रिल-मे म्हणजे आमच्याकडे पारा चाळिशीला टेकलेला. शेवटी गाडी घरीच सोलली आणि आतून अस्तर लावलं. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा जमलं. दुसऱ्यांदा जसं केलं तसं इथे लिहितो. ओम्नी किंवा विंगर असली तरी क्रम हाच, माल तेवढा कमी-जास्त लागेल.

एक मात्र आधीच डोक्यात घ्या. आवाज आणि उष्णता ही दोन वेगळी दुखणी आहेत. पत्र्याची थरथर थांबते ती जड, चिकट रबरी शीटने, आणि ती शीट उष्णतेला फारसं काही करत नाही. उष्णता अडते हलक्या, हवा कोंडलेल्या फोमने, आणि त्या फोमला थरथर दाबता येत नाही. "एकाच रोलमध्ये दोन्ही काम" असं दुकानदार म्हणाला तर चहा पिऊन घरी या.

आधी फुकटचं काम

गाडीतली प्रत्येक सुटी वस्तू बाहेर काढा: जॅक, पाना, पाण्याच्या बाटल्या, डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा. मग नेहमीच्या खराब रस्त्यावर एक फेरी मारा. दुसऱ्याला मागे बसवा आणि त्याला एकेका पॅनेलवर तळहात दाबायला सांगा. हात ठेवल्यावर जिथला आवाज थांबतो, तिथे खडूने फुली. माझ्या गाडीतला सगळ्यात मोठा खडखडाट जॅकचा निघाला. त्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, विषय संपला.

त्याच फेरीत मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप लावून आकडा लिहून ठेवा. रस्ता, वेग, गिअर आणि काचा लक्षात ठेवा, कारण काम झाल्यावर तस्संच पुन्हा मोजायचं आहे. मोबाइलचा आकडा अचूक नसतो, पण आधी आणि नंतरचा फरक कळायला पुरतो.

सोलणं आणि धुणं

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मग सीटा, मॅट, बाजूची पॅनेलं आणि टपाचं अस्तर. प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या. बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवून वर चिठ्ठी लावा. "लक्षात राहील" म्हणणाऱ्याच्या हातात शेवटी चार बोल्ट उरतात. प्लास्टिकच्या क्लिपा तुटणारच, दहा-पंधरा आधीच आणून ठेवा.

आता पत्रा नीट बघा. मॅटखाली ओल असेल तर पाणी कुठून येतंय ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. गंज तारेच्या ब्रशने घासून काढा, प्रायमर मारा, पूर्ण वाळू द्या. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने सगळा पत्रा पुसा. तेलकट पत्र्यावर जगातली कुठलीच शीट टिकत नाही. हे काम पावसाळ्यात काढू नका, ओल शीटखाली कोंडते आणि आतल्या आत गंज धरते. दिवाळीनंतरची कोरडी उन्हं उत्तम.

टिचकी मारून बघा

मिरजेत तंबोरा करणारे कारागीर भोपळा टिचकी मारून पारखतात, नाद चांगला घुमला तर तो ठेवायचा. आपण नेमकं उलट करायचं. बोटाच्या पेराने पत्र्यावर ठोकत जा. कडेला, जिथे पत्रा घडी घालून ताठ केलेला असतो, तिथे "टक्" येतं. सपाट भागाच्या मधोमध "ढंऽऽ" येतं. औषध त्या "ढंऽऽ"ला हवंय.

स्टीलचं ताट वाजवा आणि त्यावर अंगठा टेकवा. नाद जागच्या जागी मरतो, पूर्ण ताट झाकावं लागत नाही. शीटचंही तसंच आहे. सपाट पॅनेलचा मधला २५ ते ५० टक्के भाग झाकला की बहुतेक थरथर जाते. शंभर टक्के पत्रा मढवणारे बिलही शंभर टक्के लावतात.

शीट कुठली

ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेली, २ मिलिमीटर जाडीची ब्यूटाइल रबरची डॅम्पिंग (थरथर दाबणारी) शीट घ्या. पहिल्या वेळी मी इथे पैसे वाचवले. छपराची गळती बंद करायची डांबरी पट्टी आणली, दिसायला सारखीच, निम्म्या किमतीची. मे महिन्यात गाडी अंगणात उभी होती. उन्हात टपाचा पत्रा ६० अंशांच्या पुढे सहज जातो. चौथ्या दिवशी दार उघडलं तर आत नव्या रस्त्याचा वास, आणि टपाचं अस्तर मधोमध गर्भार म्हशीच्या पोटासारखं खाली आलेलं. वरची पट्टी सुटून त्यात पडली होती. ते डांबर रॉकेलने खरवडण्यात दोन रविवार गेले.

मागचा कागद सोलून शीट मधून कडेकडे दाबत न्या आणि छोट्या रोलरने जोर लावून घोटा. पापुद्र्यावरची नक्षी सपाट झाली की शीट नीट बसली. हातमोजे घाला, त्या पापुद्र्याची कड ब्लेडसारखी कापते. वजनाचा हिशेबही ठेवा. अशी शीट चौरस मीटरला साधारण ३ किलो भरते. आठ चौरस मीटर म्हणजे सिमेंटचं अर्धं पोतं.

उष्णतेचा थर

यासाठी बंद पेशींचा, म्हणजे आतले हवेचे बुडबुडे एकमेकांना न जोडलेला फोम हवा: नायट्राइल रबर किंवा क्रॉसलिंक पॉलिएथिलीन. एसीच्या डक्टवर चढवतात तो काळा रबरी फोम हाच. आपल्याकडे तासगाव-सांगलीला बेदाण्याची कोल्ड स्टोरेजेस आहेत. त्यांची कामं करणाऱ्यांकडे विचारलंत तर कार ॲक्सेसरीच्या दुकानापेक्षा स्वस्तात मिळण्याची शक्यता जास्त.

टपाला किमान १० मिलिमीटर, जागा असेल तर १९. फोम मात्र टपाला सगळीकडे लावायचा, इथे अर्धवट चालत नाही. आडव्या पट्ट्यांवरही पातळ थर द्या, उघड्या लोखंडातून उष्णता सरळ आत येते. चिकटवायला उष्णता सोसणारा डिंक घ्या, साधं सोल्युशन टपावर हार मानतं. दारं उघडी ठेवून लावा, त्याच्या वाफेने डोकं गरगरतं. आणि जवळ विडी-काडी नको.

चमकदार फॉइलबद्दल मोठा गैरसमज आहे. फॉइल उष्णता परतवते, पण तिच्यासमोर बोटभर का होईना मोकळी हवा असेल तरच. दोन थरांमध्ये दाबून बसवलेली फॉइल म्हणजे फक्त धातूचा कागद. थर्माकोल नको, घासून किरकिरतो आणि पटकन पेटतो. काचलोकर ओल धरते. पिचकारीचा पीयू फोम तर फुगताना पत्रा बाहेर ढकलतो, तो पोकळीत अजिबात नको.

गाडीत मुक्काम करणार असाल तर एक खिडकी बोटभर उघडी हवी. दोन माणसांच्या श्वासातून रात्रभरात बरंच पाणी हवेत जातं आणि थंडीत ते उघड्या पत्र्यावर दव होऊन बसतं.

फरशी, चाकं, इंजिन

रस्त्याचा घोंगावणारा आवाज चाकावरच्या कमानींतून येतो. इथे कंजूसपणा नको: शीट पूर्ण, वर फोम. फरशीवर शीट, त्यावर फोम आणि सगळ्यात वर जड व्हिनाइलचा अखंड थर. जडपणाने आवाज अडतो, पण थर अखंड हवा. हाताएवढी फट राहिली तर केलेलं बरंचसं तिथून निसटतं.

इको-ओम्नीत इंजिन सीटखाली असतं, म्हणून झाकणाच्या आतल्या बाजूला फोम किंवा ब्यूटाइल लावू नका. तिथे ॲल्युमिनियमचं तोंड असलेली, आग सोसणारी काचतंतूची चटई लागते, आणि तीही बेल्ट, पंखा, सायलेन्सर यांना टेकणार नाही अशी घट्ट बसवलेली. मला स्वतःवर भरवसा नव्हता, ते काम मिस्त्रीकडून करून घेतलं.

हात लावू नये अशा जागा

दाराच्या तळाशी पाणी निघायची भोकं असतात. ती बुजली तर पावसाळ्यात दारात तांब्याभर पाणी डुचमळतं आणि दार खालून सडतं. काच खाली येण्याची वाट, लॉकच्या सळ्या, वायरींचे जोड आणि सीटबेल्टची गुंडाळी मोकळी ठेवा. एअरबॅग असेल तर तिच्या आसपास काहीच नको. सीएनजी गाडीत टाकी, तिचा व्हॉल्व्ह आणि गॅस बाहेर नेणारी नळी झाकायची नाही, कितीही आवाज येवो.

दारांचं शेवटी. बीडिंग, म्हणजे दाराच्या कडेची रबरी पट्टी, तपासायला दारात कागद धरून दार लावा. कागद अलगद निघून आला तर तिथलं रबर गेलं. कायमच्या सीटा कमी करायचा विचार असेल तर आरसी बुकावर आसनसंख्या असते, आरटीओत विचारल्याशिवाय ते करू नका.

फार मोठी अपेक्षाही ठेवू नका. उन्हात बंद उभी केलेली गाडी तापणारच, काचा तर तशाच आहेत. फरक चालताना कळतो: डोक्यावरची धग जाते आणि एसी असेल तर गारवा टिकतो.

परवा नागजच्या पुढे आईने मागून नेहमीच्या आवाजात विचारलं, "हे किर्रकिर्र काय वाजतंय रे?" मागच्या काचेचं रबर आहे. आधी ते ऐकूच यायचं नाही.